दारावरचा चंदेरी पट्टा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी हाक मारली आणि मी अंगणात गेले. आमच्या टाटा १२१० च्या डाव्या दारावर कुणीतरी रात्री स्प्रेचा डबा रिकामा केला होता. हँडलपासून चाकाच्या कमानीपर्यंत हातभर रुंद चंदेरी पट्टा, आणि तो नेमका 'ज्योतिर्लिंग प्रसन्न' या अक्षरांवरून गेलेला. खालचा गुलाब निम्मा झाकला होता. डबा गटारीत पडला होता. कोण पोरं होती ते कळलं नाही, आणि मी शोधायलाही गेले नाही. माझं सगळं लक्ष दारावर होतं.

ही गाडी अण्णांनी १९८४ साली घेतली. कोल्हापूरहून गूळ भरून वाशी, कधी गुजरात, परतीला मिळेल तो माल. दारावरची अक्षरं १९९१ ची. ज्या पेंटरमामांनी ती काढली ते आता नाहीत. मी लहान होते, पण त्यांचं काम मला स्पष्ट आठवतं. खडू लावलेली दोरी ताणून पत्र्यावर मारायची, की सरळ रेघ उमटायची. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. त्या काठीवर उजवं मनगट टेकवून खारीच्या केसांच्या ब्रशनं 'ज्यो'चा काना एका दमात खाली ओढायचा. म्हणून 'नवीन रंगवून घेऊ' हा पर्याय माझ्यासाठी नव्हताच.

चुलतभाऊ गॅरेजमधून एनसी थिनरचा, म्हणजे गाड्यांचा रंग पातळ करायच्या कडक द्रवाचा डबा घेऊन आला. "ताई, दहा मिनिटांत काढतो बघ." मी म्हटलं, आधी फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, खालच्या कडेला लावून बघू. बोळा टेकवला. अर्ध्या मिनिटात तिथला निळा रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि बोटानं सरकवला तर पत्रा दिसला. थिनरचा डबा त्याच्यासोबतच परत पाठवला.

माझं रोजचं काम अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्याचं. त्यामुळे काय चाललंय ते समजत होतं. जुन्या गाड्यांवर ब्रशनं दिलेला असतो तो ऑईलपेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. तो नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. एकदा गुंतले की ते पुन्हा विरघळत नाहीत. फार तर कडक थिनरनं फुगतात आणि उचलले जातात. गटारीत सापडलेला स्प्रेचा डबा अ‍ॅक्रिलिक लॅकरचा होता. लॅकर वाळतो तो फक्त त्यातला द्रव उडून गेल्यामुळे. योग्य द्रव मिळाला की तो पुन्हा मऊ होतो. म्हणजे वरचा रंग सुटेल आणि खालचा टिकेल असा द्रव शोधायचा, एवढंच काम होतं. शिवाय मामांनी अक्षरांवर वॉर्निशचा हात दिलेला होता. ते आमचं नशीब.

आधी दार साबणाच्या पाण्यानं धुतलं. मग घासलेट. घासलेटनं चंदेरी हलला नाही, पण वर्षानुवर्षांचं तेलकट किटण निघालं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानं चंदेरी नुसता चिकट व्हायला लागला. शेवटी चार भाग अल्कोहोलात एक भाग अ‍ॅसिटोन घातलं आणि दाराच्या आतल्या कडेवर, जिथं स्प्रेचे थेंब उडाले होते, तिथं बघितलं. खालचा रंग शाबूत.

पद्धत अशी बसली: रुपयाएवढी जागा घ्यायची. कापसाचा बोळा पिळून टेकवायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, आणि न घासता उचलायचा. बोळा राखाडी व्हायचा. लगेच ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि बोळा फेकून द्यायचा. तोच बोळा पुन्हा वापरला तर निघालेला चंदेरी शेजारच्या अक्षरात भरतो. हातात मोजे, काम उघड्यावर, आणि आसपास कुणी बिडी पेटवायची नाही.

पॉलिश पेपर मी मुद्दाम वापरला नाही. जुन्या पिवळ्या-लाल ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. १९९१ च्या पिवळ्याची धूळ मला अंगणात नको होती, तिथं भाच्या खेळतात.

काच पाच मिनिटांत झाली, साबणाचं पाणी आणि दाढीचं ब्लेड. हौद्याच्या फळ्यांत शिरलेला रंग लाकडाच्या रेषांत गेलाय, तो तसाच ठेवला.

तीन रविवार लागले. अण्णा खुर्ची टाकून बसायचे. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही. मी जरा जोर लावला की लगेच, "दमानं गं, तो काना हाय." चंदेरीतली अ‍ॅल्युमिनियमची चकाकी जुन्या रंगाच्या बारीक भेगांत अडकते, मोकळ्या निळ्यावर ती रबिंग कंपाऊंड आणि मऊ फलालीनच्या कापडानं काढली. अक्षरांवर कंपाऊंड लावलं नाही. गुलाबाच्या एका पानाचा हिरवा थोडा फिकटला, आणि त्याच्या शिरेत चंदेरीचा कण राहिलाय. तो काढायला गेले असते तर पान गेलं असतं.

शेवटच्या रविवारी ऊन कललं होतं. अण्णा काठी टेकत गाडीमागे गेले आणि फाळक्यासमोर थांबले. २०१५ मध्ये राज्यात मालगाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली, तेव्हा गाडी वीटभट्टीवर चालायची. अण्णांनी स्वतः त्या अक्षरांवर निळा हात मारला होता. तीही मामांचीच अक्षरं. तिरप्या उन्हात निळ्याखालून 'हॉर्न'चा उंचवटा दिसत होता. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हे निघंल का गं?"

"नाही अण्णा. वर ऑईलपेंट, खाली ऑईलपेंट. वरचा काढायला गेलं की खालचा पण येणार."

ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "दाराच्या बिजागरीला तेल घाल, करकरतंय." मी तेलाची बुधली आणायला घरात गेले.