दोन मिनिटांचा फायदा

आमच्या वाड्यावरच्या चतुर्थीच्या आरत्यांचं चित्रीकरण माझ्याकडे असतं. ते माझ्याकडे कसं आलं, आठवत नाही. एका वर्षी कुणीतरी हातात कॅमेरा दिला आणि परत घेतलाच नाही. शेवटची आरती होऊन हातातली नेवरी संपायच्या आत पोरं विचारायला लागतात, "काका, व्हिडिओ केन्ना?" आता व्हिडिओ जोडून, कापून, रेंडर करायला, म्हणजे त्याची एकसंध फाइल बनवायला, माझ्या संगणकाला २२ मिनिटं लागायची. या २२ मिनिटांच्या रागापायी मी भर मे महिन्यात, गोव्यातल्या फोंड्याच्या उकाड्यात, ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसरला ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायच्या नादाला लागलो.

प्रकरण तसं सोपं आहे. मदरबोर्डवर एक मूळ ठोका पडत असतो, सेकंदाला १० कोटी वेळा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणून आपली लय ठरवतो. माझा रायझन ५ ३६००, २०१९ साली बाजारात आलेला. त्याची मूळ लय ३.६ गिगाहर्ट्झ, आणि काम हलकं असेल तर त्याच्या सहा गाभ्यांपैकी (कोअर) एखादा ४.२ पर्यंत उसळी घेतो. पण रेंडरला सहाही गाभे जुंपले, की माझ्याकडे गाडी ३.९५ च्या आसपास अडायची. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंगच्या पडद्यावर, गुणक ४२ लिहायचा, की सहाही ४.२ वर. लिहायचा एवढंच. पुढचं सगळं त्या लिहिण्याची शिक्षा.

ज्याने घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती, ऐकली आहे त्याला हे पटकन कळेल. आरती संथ सुरू होते, मग घुमटवाला लय चढवतो, शामेळाचा ढोल मागे लागतो, आणि एका टप्प्यावर कोपऱ्यातल्या पोराचा कांसाळ्यावरचा, म्हणजे झांजेवरचा, एकच ठोका चुकतो. क्षणभर कुणालाच काही कळत नाही, आणि मग सगळी आरती कोसळते. संगणक कोलमडताना दिसणारा निळा पडदा म्हणजे तोच चुकलेला ठोका. लय चढवायला कुणाचीच ना नाही, फक्त शेवटचं पोर कुठवर टिकतं ते आधी माहीत हवं.

आणि प्रत्येक पोर वेगळं. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात बनलेल्या दोन चिपांतली एक ४.३ ला हसत चालते, दुसरी ४.१ ला धापा टाकते. आमच्या गोव्यात लयभास्कर म्हटलं की खाप्रुमामा पर्वतकर. हातापायांनी वेगवेगळे ताल एकदम धरत, असं जुने लोक सांगतात. प्रत्येक तबलजी काही खाप्रुमामा होत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या चिपेचे आकडे आपल्या चिपेला लावणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचणं.

माझा गुरू शेजारचा अकरावीतला मुलगा. त्याने पहिल्या दिवशी प्रोसेसरला हातच लावू दिला नाही. "काका, रॅम केदी स्पीडाची?" मी ऐटीत सांगितलं, ३२००. त्याने बायोस उघडून दाखवलं: २१३३. घेतल्या दिवसापासून ती २१३३ वरच चालली होती, कारण पाकिटावरचा वेग आपोआप लागत नाही. एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. एवढी वर्षं मी ३२००चे पैसे देऊन २१३३ वापरत होतो. एक कळ दाबली आणि २२ची २१ मिनिटं झाली. नवशिक्याने इथेच थांबलं तरी चालेल, असं माझं आजचं मत आहे. तेव्हा अर्थातच नव्हतं.

मग कॅबिनेट उघडलं. गोव्यात कॅबिनेट उघडणं ही स्वतंत्र घटना असते. कोरड्या गावातली धूळ फुंकली की उडते. आमची धूळ दमट हवेत भिजून पंख्याच्या पात्यांवर घोंगडीसारखी बसते. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसत नव्हता. आणि तळाला, वीजपुरवठ्याच्या खोक्यामागच्या उबेला, पालीची दोन अंडी. वाटाण्याएवढी, पांढरीशुभ्र. पालीने माझ्या आधी थर्मल अभ्यास केला होता. ती कागदावर उचलून खिडकीतल्या कुंडीत ठेवली, ब्रशने सगळं झाडलं, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून मटाराएवढी नवी लावली, आणि म्हापशाहून एक उंच टॉवर कूलर आणला.

उष्णतेचा हिशेब इथल्या माणसाने स्वतःच मांडायला हवा. कूलर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानावर अमुक इतके अंश, एवढंच पाळतो. एसीतल्या २४ अंशांच्या खोलीत जी चिप ७५ दाखवेल, ती माझ्या ३३ अंशांच्या खोलीत ८४ दाखवणार. या चिपेची कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा ९५. तिथे पोचली की ती स्वतःच वेग उतरवते. म्हणजे जास्त चढवलं तर शेवटी कमीच मिळतं. मी ८५ची रेघ आखली आणि ती मे महिन्यातच तपासली. पावसाळ्यात ठरवलेला वेग पुढच्या उन्हाळ्यात तोंडघशी पाडतो.

खरा धोका मात्र व्होल्टेजचा. लय चढली की चिप जास्त व्होल्ट मागते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खाल्ली जाते. १.२०चे १.३२ केले, म्हणजे दहाच टक्के वाढ, तर वेग तोच ठेवूनही खप २१ टक्क्यांनी वाढतो. त्यातच 'ऑटो' ठेवलं तर कित्येक बोर्ड उदार होऊन गरजेपेक्षा जास्त व्होल्ट देतात. म्हणून आकडा हाताने घालायचा, गुणक पाव-पावने चढवायचा आणि दर पायरीला वहीत लिहायचं. माझी ती वही अजून आहे. तिच्यावर चहाचे डाग आहेत आणि एका पानावर आईने दुधाचा हिशेब केला आहे.

दर पायरीला परीक्षा प्राइम९५ ची. हा प्रोग्राम मुळात मर्सेन पद्धतीच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्याच्या, १९९६ पासून चाललेल्या प्रकल्पाचा. त्याच्या चाचणीतल्या राक्षसी गुणाकारांची उत्तरं आधीच माहीत असतात, त्यामुळे प्रोसेसर एका ठिकाणी जरी चुकला तरी पकडला जातो. पाच मिनिटं टिकलं म्हणजे टिकलं असं नसतं. दोन-तीन तास चालवावं लागतं. आणि मे अखेरच्या संध्याकाळी आमच्याकडे दोन-तीन तास सलग वीज असणं, हीच मोठी परीक्षा. चार वेळा चाचणी प्रोसेसरने नव्हे, वळवाच्या पावसाने पाडली. वीज गेल्याने बायोसमधल्या आकड्यांचं सहसा काही बिघडत नाही. पण बायोस अपडेट करताना गेली तर बोर्ड मरू शकतो, तेव्हा ते काम आभाळ बघून, यूपीएसवर.

४२ जमलं. इथे शहाणा माणूस थांबतो. मी रात्री साडेअकराला, गुरू घरी झोपलेला असताना, थेट ४३ लिहिलं.

पडदा काळा. पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, चित्र नाही. काही बोर्ड दोन-तीनदा धडपडून आपणच जुन्या आकड्यांवर परत येतात. माझा आला नाही. आई पाणी प्यायला उठली होती. दारातून म्हणाली, "कितें मोडलें रे?" मी म्हटलं काही नाही. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "म्हणून काळोखात बसलास?"

सकाळी गुरू आला. "कांय जायना काका." प्लग काढला, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी नखाने उचकटली आणि आईच्या हातचा शिरा खायला बसला. दहा मिनिटांनी बॅटरी परत बसवली. बायोस सगळं विसरून बाळासारखा जागा झाला. एक्सएमपीसुद्धा विसरला होता.

पुढच्या आठवड्यात मी ४२ वरूनही उतरलो. ४१वर व्होल्टेज बरंच खाली आणता आलं, तापमान ७२, आणि पंख्याचा आवाज इतका कमी झाला की भिंतीवरची पाल ऐकू यायला लागली. रेंडर २० मिनिटं. एकूण बचत दोन मिनिटं, आणि ती मिळवायला गेले साडेतीन आठवडे. यातलं एक मिनिट त्या एका कळीचं, हे मी वाड्यावर कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा चतुर्थीला दुसऱ्या दिवशी आरती लांबली. कांसाळ्यावर गुरूच होता आणि लय भलतीच चढली होती. शेवटच्या कडव्याला त्याचा ठोका चुकलाच. सगळे हसले, घुमटवाल्याने डोळे वटारले आणि लय उतरवून परत धरली. घरी येऊन मी रेंडर लावला. आईने चहा टाकला, तो उकळला, गाळला, पिऊन झाला. पडद्यावर ८१ टक्के. दारात पोरं उभी होती.