नजर जातेच हो!

आज प्रवासात उभ्याने यावं लागलं. समोर बसलेल्या मुलाने मोबाईल उघडला आणि त्याच्या पॅटर्न लॉकची ठिपके जोडणारी रेघ मला लख्ख दिसली. वरून खाली, मग उजवीकडे. मी काही टपून नव्हतो, पण आकार डोक्यात बसला तो बसलाच. पुढे त्याने बँकेचं ॲप उघडलं, तेव्हा मात्र मीच मान फिरवली.

घरी येऊन जरा शोधलं. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदाच पाहून सुमारे ६४ टक्के लोकांना तो जमला, सहा आकडी पिन मात्र जेमतेम ११ टक्क्यांना. रेघ दिसणं बंद केलं की पॅटर्नचाही आकडा ३५ वर येतो! हे बटण बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये असतं, पण उघडून बघतंय कोण?

चारचौघांत बोटाचा ठसाच बरा, त्यात बघण्यासारखं काही उरतच नाही. स्क्रीनवर चिकटवायच्या प्रायव्हसी ग्लासचं कौतुक फार ऐकतो. बाजूच्याला स्क्रीन काळी दिसते हे खरं, पण पाठीमागून सरळ डोकावणाऱ्याला सगळं दिसतं. आणि कुलूप कितीही भक्कम असलं तरी लॉक स्क्रीनवर ओटीपी झळकत असेल तर काय उपयोग? नोटिफिकेशनमधला मजकूर लपवता येतो.

बाबांच्या फोनमध्ये हे सगळं करून दिलंय. आता ओटीपी बघायला फोन उघडावा लागतो म्हणून वैतागलेत. वैतागू देत.