मामा परदेशात, भाची म्हापशात: नात्यातल्या दत्तकाचा माझा अनुभव

आमच्याकडे आधी सगळ्यांना वाटलेलं की घरातलंच मूल आहे, सख्खा मामा नेतोय, त्यात काय एवढं, नोटरीकडे जाऊन स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करायचं, सोबत चर्चच्या पाळकसाहेबांचं पत्र जोडायचं आणि पोरीला विमानात बसवायचं. असा सल्ला देणारे म्हापशात कमी नव्हते, चांगले शिकलेले पण होते त्यात. तसं काही होत नाही. आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत ह्याबद्दल धड काही मिळेना, जे मिळायचं ते परदेशी जोडपी इथल्या संस्थेतलं मूल नेतात त्याबद्दल, नात्यातल्या दत्तकाबद्दल जवळजवळ नाहीच, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे मराठी ख्रिस्ती, बाबांच्या नोकरीमुळे म्हापशाला आलो आणि इथलेच झालो. ताई आणि भावोजी दोघंही गेले, आधी भावोजी, मग ताई, दोघंही आजारपणातच, आणि भाची आई आणि माझ्याकडे राहिली. दादा इंग्लंडमध्ये, स्विंडनला. वहिनी सासष्टीची, तिच्या वडलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट झाला आणि इथून कितीतरी जण जातात तसे हे दोघंही ब्रेक्झिटच्या आधी तिकडे गेले. आता दोघंही ब्रिटिश नागरिक, हातात ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. त्यांना मूल नाही.

"मग तूच का नाही घेतलीस?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता राग पण येत नाही. कायद्याने एकट्या बाईला दत्तक घेता येतं, तिथे काही अडत नव्हतं. पण माझं वय, आईचं ऐंशीच्या घरातलं दुखणंखुपणं आणि पोरगी अजून दुसरीत. आम्ही घरात बसून ठरवलं, पोरीलाही विचारलं. बस.

आता नोटरीचं. देशात इतरत्र हिंदूंना १९५६ च्या कायद्याने दत्तकपत्र करता येतं, लोकांच्या डोक्यात तेच असतं. ख्रिस्ती लोकांना तो कायदा लागूच नाही. आपल्याकडे पूर्वी १८९० च्या पालकत्व कायद्यावर काम चालायचं, म्हणजे तुम्ही मुलाचे गार्डियन, आईवडील नाही, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक वयस्कर जोडपं आहे, त्यांनी असंच मूल वाढवलं, शाळा कॉलेज लग्न सगळं केलं आणि घर नावावर करायची वेळ आली तेव्हा कागदावर त्यांचं आणि मुलाचं नातंच नाही. २००० च्या आसपास मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फर्दिनो रिबेलो, आपल्या गोव्याचेच, त्यांनी निकाल दिला की ख्रिस्ती जोडप्याला मूल दत्तक घ्यायचा हक्क आहे, आणि पुढे जेजे अ‍ॅक्टने, म्हणजे आता २०१५ चा बाल न्याय कायदा, धर्म कुठलाही असो दत्तक घ्यायची सोय केली. ह्या कायद्याने दत्तक घेतलेलं मूल पूर्ण तुमचं, वारसाहक्कासकट. गोव्यात कॉमन सिव्हिल कोड आहे म्हणजे इथे काहीतरी सोपा रस्ता असणार असं पण बरेच जण सांगतात. परदेशात न्यायचं असेल तर नाही. दिल्लीच्या काराकडूनच, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडूनच, जावं लागतं, कारण भारत आणि इंग्लंड दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग करारात आहेत आणि काराच्या एनओसीशिवाय, म्हणजे ना हरकत पत्राशिवाय, मूल दत्तक म्हणून देशाबाहेर जाऊ शकत नाही.

एक एजंट भेटलेला, तो म्हणाला व्हिजिट व्हिसावर पाठवा, तिकडे गेल्यावर बघता येईल. असल्या माणसापासून लांब राहा. आपल्याकडे असं परस्पर मूल दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि तिकडेही होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्यांची घरी येऊन होणारी तपासणी, न करता दत्तकासाठी मूल आणणं गुन्हाच आहे.

नात्यातलं म्हणजे कोण हे पण कायद्यात ठरलेलं आहे: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. चुलतभाऊ, मावसबहीण चालत नाहीत, कितीही जीव असला तरी. एक बरं असतं, नात्यातल्या दत्तकाला दत्तक घेणाऱ्या दोघांच्या वयाची बेरीज ठराविक मर्यादेत हवी तो नियम लावत नाहीत, नाहीतर दादा-वहिनी अडकले असते.

सुरुवात तिकडून होते. दादा-वहिनीचा होम स्टडी झाला, सोशल वर्कर घरी येऊन त्यांचं लहानपण, पगार, भांडण झाल्यावर कोण आधी बोलतं, सगळं विचारून गेली, मग पॅनेल, मग तिकडच्या शिक्षण खात्याचं सर्टिफिकेट, कारण इंग्लंडमध्ये हे काम शिक्षण खात्याकडे असतं. तो भाग त्यांनी कधीतरी लिहावा. काराच्या पोर्टलवर नोंद झाल्यावर कारा इथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवते आणि मग माझं काम सुरू झालं.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू, तर ताई आणि दादा सख्खे भाऊबहीण आहेत हे दाखवण्यात. हसू नका. दादाचा जन्म वेंगुर्ल्याचा, ताईचा म्हापशाचा, दादाच्या दाखल्यावर आईचं नाव सासरचं आणि ताईच्या दाखल्यावर माहेरचं, म्हणजे कागद बघणाऱ्याला दोन वेगळ्या बायका. त्यात आमचं आडनाव मराठी आणि धर्म ख्रिस्ती, ह्याने समोरचा माणूस आधीच गोंधळतो. एका ऑफिसातला क्लार्क माझ्याकडे, फाईलकडे, परत माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही नक्की कोण?" त्याला वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलपासून अर्धा इतिहास ऐकवला तेव्हा कुठे त्याने पान उलटलं. शेवटी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, बाबांचं जुनं रेशन कार्ड ज्यात सगळी नावं एका खाली एक आहेत, आईच्या लग्नाचा दाखला आणि एकच व्यक्ती असल्याचं तिचं अ‍ॅफिडेव्हिट, एवढं लावल्यावर ते मानलं. भाचीची जन्मतारीख मात्र बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर चालली नाही, नगरपालिकेचाच दाखला हवा. कुणाच्या घरात असं काही व्हायचं असेल तर आधी सगळे जन्मदाखले टेबलावर मांडून नावं जुळतात का बघा, बाकीचं नंतर.

मग बाल संरक्षण कक्षाच्या मॅडम घरी आल्या, कौटुंबिक पार्श्वभूमीचा रिपोर्ट करायला. आईने सकाळपासून घर पुसून घेतलं, करंज्या काय, चहाचे नवे कप काय, मॅडमनी पाणी सोडून काही घेतलं नाही. आईशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या, मग पोरीला बाल्कनीत घेऊन बसल्या, आम्हाला आत थांबायला सांगितलं. पाच वर्षांच्या वरचं मूल असेल तर त्याची स्वतःची संमती लागते, आणि ती पाठ करून घेतलेली नको असते. दाराआडून मला एवढंच ऐकू आलं. मॅडम कोंकणीत विचारतायत तुझा मामा खंय आसा, आणि ही मराठीत सांगतेय, "मोबाईलमध्ये."

मला वाटलं आता संपलं. पण मॅडम सरळ बाई होत्या, म्हणाल्या ती खरं तेच बोलली, मामा-मामीला इथे येऊन राहायला सांगा, मी परत येईन. मग दोघं रजा काढून आले, हॉटेलात नाही, ह्याच घरात राहिले. पहिले काही दिवस पोरगी वहिनीशी बोलेना, दादाशी तर अजिबात नाही. शुक्रवारच्या बाजाराला वहिनी तिला घेऊन गेली, परत आल्या त्या गोव्याच्या सॉसेजवरून भांडत, एकीला हवी होती, दुसरीला तिखट लागते म्हणून नको, आणि त्या भांडणानंतर गाडी रुळावर आली. माझं मत विचाराल तर नियमात असो वा नसो, हे आधीच करायला हवं. व्हिडिओ कॉलवर नातं टिकतं, तयार होत नाही.

ताई-भावोजी नसल्याने संमती द्यायला आईवडील नाहीत, तिथे बाल कल्याण समितीची परवानगी लागते. समितीसमोर आई, मी आणि पोरीचे काका, भावोजींचे भाऊ, सगळे हजर. काकांनी हरकत नाही असं लिहून दिलं. प्रश्न विचारले, पण दमदाटी नाही, पोरीशी तर फार नीट बोलल्या सगळ्या.

पुढे दोन्ही देशांमधली पत्रं, हेग कराराच्या कलम ५ आणि १७ खालची, म्हणजे तिकडचं सरकार सांगतं की हे पालक योग्य आहेत, मुलाला इथे कायम राहता येईल, पुढे जायला आमची ना नाही. ह्यात तुमच्या हातात काही नसतं, रोज पोर्टल उघडून बघायचं आणि बंद करायचं. आमचे दोन पावसाळे ह्या सगळ्यात गेले. मग अर्ज पणजीला कलेक्टरकडे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे जुने अनुभव वाचून वकील शोधत फिरू नका, आधी बाल संरक्षण कक्षाला विचारा. दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, सुनावणी बंद दाराआड असते. आदेश झाला, काराची एनओसी आली, नव्या आईवडलांच्या नावाचा जन्मदाखला झाला, मग पासपोर्ट, मग व्हिसा. जन्मदाखल्यावर ताईचं नाव नाही हे बघून आई दिवसभर जेवली नाही, ते सांगायला हवं, कुठल्याच माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसतं. दादाने फोनवर समजावलं की ताईचा फोटो पोरीच्या खोलीतच लागणार आहे, आणि लागलाय.

आमच्या मंडळीने दर बुधवारच्या प्रार्थनासभेत ह्यासाठी प्रार्थना केली, मला त्याचा आधार होता, पण त्याच मंडळीतले लोक अधूनमधून "अजून झालं नाही? कुणाला तरी भेटा ना" म्हणायचे तेव्हा तोंडावर आलेलं मी गिळलंय. आम्ही कुणाला भेटलो नाही, कुणाला काही दिलं नाही, आणि झालं.

आता पोरगी तिकडे शाळेत जाते. दोन वर्षं तिकडचे सोशल वर्कर तिचे रिपोर्ट काराला पाठवणार.

राहिला एक विषय, ताई-भावोजींचा फ्लॅट. पोरगी गेल्यावर काका आले, चहा झाला, मग हळूच म्हणाले की आता ती कायद्याने दुसऱ्या घरची झाली, तर फ्लॅटचं आपल्याला बघावं लागेल. मी बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ ची प्रिंट काढून ठेवलेलीच होती. दत्तकाच्या आधी मुलाच्या वाट्याला आलेली मालमत्ता दत्तकानंतरही त्याचीच राहते, सरळ लिहिलंय. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, प्रिंट खिशात घातली आणि म्हणाले वकिलाला दाखवतो. दाखवू देत.