चोवीस इलेक्ट्रॉन, पण क्रोमियम नाही

रविवारी भाची आली कोथरूडहून, अकरावी सायन्स, दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट आणि तोंड एवढंसं करून बसलेली. म्हणे मावशी मला सगळं येतं गं, फक्त मार्क मिळत नाहीत. मागच्या टेस्टचा पेपर बघितला तर फेरस आयनच्या (म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयर्नच्या) कॉन्फिगरेशनवर, म्हणजे कुठल्या कप्प्यात किती इलेक्ट्रॉन या मांडणीवर, ही मोठी लाल फुली.

तिने काय केलं होतं, आयर्नचे २६, दोन गेले, उरले २४, मग ते २४ खालून वर भरत नेले आणि शेवटी लिहिलं ४एस१ ३डी५. (मोबाईलवर डोक्यावरचा आकडा मला टाइप करता येत नाही, शेजारीच लिहितेय, समजून घ्या. सुरुवातीचा आकडा कवचाचा, एस, पी, डी, एफ हे त्यातले कप्पे, शेवटचा आकडा इलेक्ट्रॉनचा.) मी म्हटलं हे कुठून आणलंस? तर म्हणे क्रोमियमचे पण २४च असतात ना, मग तेच येणार. आता याला काय बोलणार, लॉजिक चुकीचं असलं तरी लॉजिक आहे, आणि अकरावीत मीही डिट्टो हेच करून आले होते.

उत्तर आहे ३डी६, ४एस रिकामं. भरताना ४एस आधी, पण काढतानाही ४एसच आधी. म्हणजे मोजून पुन्हा भरायचं नाहीच, आधी पूर्ण अणू लिहायचा, ४एस२ ३डी६, आणि मग ज्याचा सुरुवातीचा आकडा मोठा त्याच्यातून काढायचे. पोटॅशियम, कॅल्शियमपर्यंत ४एस ऊर्जेत ३डीच्या खाली असतं, स्कँडियमपासून मात्र केंद्रकाचा वाढलेला चार्ज ३डीला आत ओढून घेतो आणि ४एस पडतं सगळ्यात बाहेर, मग बाहेरचेच आधी जाणार. अजून एक काढला की फेरिक, ३डी५.

मग तिने कालनिर्णयच्या जुन्या पानामागे ती भरायचा क्रम दाखवणारी तिरप्या बाणांची आकृती काढायला घेतली आणि तिसऱ्याच बाणाला गंडली. मला ती आकृती कधीच आवडली नाही, परीक्षेच्या घाईत एक बाण सुटला की पुढचं सगळं गेलं. अप्पा बळवंत चौकातून आणलेला पिरियॉडिक टेबलचा तक्ता आहे घरी, प्लास्टिक चढवलेला, तो पसरला जमिनीवर. डावीकडचे दोन कॉलम एस, उजवीकडचे सहा पी, मधले दहा डी, खाली वेगळे काढलेले चौदा एफ. (हेलियम तेवढा उजव्या टोकाला बसलेला एसवाला.) आता वाचत जा पुस्तकासारखं. आरगॉनपर्यंत १८, पुढे पोटॅशियम, कॅल्शियम म्हणजे ४एस२, मग स्कँडियमपासून बोट ठेवत सहावा चौकोन आयर्न, ३डी६. ब्रोमीन तिचं तिनेच काढलं, ४एस२ ३डी१० ४पी५, बेरीज केली, ३५ आली, चेहरा जरा उजळला.

मग एकदम म्हणाली, दहावीपर्यंत पोटॅशियम २, ८, ८, १ लिहायचो, एम म्हणजे तिसऱ्या कवचात १८ मावतात मग २, ८, ९ का नाही हे विचारलं तर पाठ कर म्हणाले. तर ते यामुळेच गं. कवचाच्या आकड्यात एसचे शून्य, पीचा एक, डीचे दोन मिळवायचे: ३डीचं ३ अधिक २ म्हणजे ५, ४एसचं ४ अधिक शून्य म्हणजे ४, छोटी बेरीज आधी, म्हणून एकोणिसावा ४एसमध्ये. बेरीज सारखी आली तर ज्याचा सुरुवातीचा आकडा छोटा तो आधी, ४पीच्या आधी ३डी त्यामुळेच.

क्रोमियममध्ये ४एस२ ३डी४ न येता ४एस१ ३डी५ का येतं, याचं कारण तिला तोंडपाठ होतं, अर्धं भरलेलं डी जास्त स्थिर वगैरे. पेपरात तेच लिही म्हटलं, मार्क त्यालाच आहेत. पण त्याच कॉलममध्ये दोन घरं खाली टंगस्टन बघ, ५डी४ ६एस२, अर्ध्याची पर्वाच नाही त्याला. म्हणे म्हणजे पुस्तक खोटं? खोटं नाही, अर्धवट.

तक्ता घेऊन गेली ती. सोमवारी फोन, झिंकचा आयन आला होता आणि ३डी१० लिहून आले म्हणे. हायब्रिडायझेशनचं विचारलं तर फोन आईकडे दिला.