तुम्ही विचारलंत म्हणून: 'फॅनी'च का?

भजनी मंडळातली मंडळी मला हमखास विचारतात, "बी जीज म्हणजे 'स्टेइंग अलाइव्ह'. तुम्ही हे 'फॅनी' काय लावून बसता?"

आम्ही तिघं भाऊ. फोनवर कुणीही 'हॅलो' म्हटलं की आईचा पहिला प्रश्न, "कोण रे? थोरला, मधला की धाकटा?" आवाजांची अशी सरमिसळ एका घरातच होते. बी जीज म्हणजेही बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब हे तीन भाऊच. त्यांच्या गाण्यात मला ती ऐकू येते, आणि सगळ्यात जास्त 'फॅनी (बी टेंडर विथ माय लव्ह)'मध्ये.

गाणं १९७५च्या 'मेन कोर्स' या अल्बममधलं. आधीचा अल्बम पडला होता. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने सुचवलं म्हणून भाऊ मायामीला गेले, तो जिथे राहिला होता त्याच घरात उतरले. फॅनी हे नाव तिथे कामाला असलेल्या बाईंचं. याच अल्बममधलं 'जाइव्ह टॉकिन' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, 'फॅनी' बाराव्यावर थांबलं. मग डिस्कोची लाट आली आणि ते मागेच राहिलं.

पण त्याचा शेवट ऐका. गाणं संपत आलं असं वाटतं आणि पट्टीच वर सरकते. ही युक्ती हॉल अँड ओट्स या अमेरिकन जोडीच्या गाण्यावरून उचलल्याचं कीबोर्डवाल्या ब्लू वीव्हरने मोकळेपणाने सांगितलं आहे. एकदा पेटीवर ती जागा शोधत बसलो, तर बसलेला हात उचलून नव्याने ठेवावा लागला. आपल्याकडे षड्ज एकदा धरला की गाणं संपेपर्यंत हलत नाही. इथे षड्जच उचलून वर ठेवलाय, आणि सगळे आवाज एका श्वासात तिथे जाऊन बसतात. अंगावर काटा येतो, अजूनही.

मॉरिस क्वचितच पुढे येऊन गायचा. बास, कीबोर्ड, आणि दोघा भावांच्या आवाजात जिथे जागा रिकामी राहील तिथला सूर, हे त्याचं काम. मी मधला, म्हणूनही असेल, कान त्यालाच शोधत राहतो. तो २००३मध्ये गेला, रॉबिन २०१२मध्ये. बॅरी एकटा गाताना मला नीट ऐकवत नाही.

गेल्या गणपतीत आम्ही तिघं आठ वर्षांनी एकत्र आरतीला उभे राहिलो. आई आमच्याकडे पाठ करून नैवेद्याचं पान वाढत होती. 'घालीन लोटांगण' सुरू झालं तशी न वळताच म्हणाली, "एकटाच कोण म्हणतोय? बाकीचे दोघं गप्प का?"