चांगला कागद

परवा दुपारी क्रिम्सनच्या, म्हणजे गडद लाल जलरंगाच्या, ट्यूबचं झाकण निघेना. नुसत्या बोटांनी पिरगाळून पाहिलं, ओढणीत धरून पाहिलं, दाराच्या बिजागरीत अडकवून पाहिलं. शेवटी जिच्यावरून घरातल्या सगळ्यांना आजवर ओरडत आले ती गोष्ट केली, दात लावले. झाकण ढिम्म. ट्यूब मात्र कमरेत मुरगळली. "नवीन आण की, केवढ्याला येते ती?" असं सोफ्यावरून विचारण्यात आलं. ज्याने जन्मात रंग विकत घेतलेले नाहीत, त्याला हे विचारणं सोपं असतं.

जलरंगात डिंक असतो, बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा. रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तोच, आणि आट्यांवर सांडला की झाकण धरून ठेवतो तोही तोच. तो त्याचं काम इमानाने करतोय, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मला टोचलं ते वेगळंच. ती ट्यूब जवळजवळ भरलेली होती. माझ्या डब्यात आवडत्या रंगांची ही अशीच गत असते. नावडते संपतात, आवडते वाळून जातात.

हे कुठून आलं ते मला नेमकं ठाऊक आहे. दादाची कॅमलची पेटी माझ्या वाट्याला आली तेव्हा तिच्यातल्या निळ्या वडीला मधोमध खड्डा पडून खालचं प्लॅस्टिक दिसत होतं. हिरवीचंही तेच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून थेट आपल्याकडे येणारी नदी, एक कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड (घाटावर!) आणि आकाशात बरोबरच्या खुणांचे पक्षी. या एका देखाव्यापायी महाराष्ट्रातल्या किती निळ्या वड्या खर्ची पडल्या असतील! तपकिरी मात्र शाबूत. उरलेली निळी वडी मी ब्रशच्या टोकाने कडेकडेने कोरून वापरायची. आई म्हणायची, जपून. रंग, साबण, गोडेतेल, सगळ्याला तेच एक वाक्य होतं.

आमचे ड्रॉइंगचे सर उलट्या मताचे. "अगं, रंगाला पाणी दे! कोरड्या ब्रशने कागद कसला घासतेस?" असं म्हणत ते स्वतःचा जाडा ब्रश भांड्यात बुचकळून माझ्या डोंगरावरून फिरवायचे, आणि तो डोंगर क्षणात खरा व्हायचा. मग मला दोन काळज्या. एक म्हणजे माझ्या चित्रात सरांचा डोंगर आला, आता बाकीचं घर-झाड त्याच्यापुढे अगदीच बावळट दिसणार. दुसरी, त्यांनी माझी केवढी निळी वापरली.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्यांना पुढचं सांगायला नको. वस्तुचित्रात हंडा, तांब्या, दोन फळं आणि मागे चुण्या पडलेलं कापड. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ. संकल्पचित्राचे पाकळ्या-पानांचे वळसे. स्मरणचित्रात बाजार, बसथांबा नाहीतर विसर्जनाची मिरवणूक, आणि त्यातली यच्चयावत माणसं पाठमोरी, कारण चेहरे कुणाला येत नव्हते. हात खिशात किंवा पिशवीआड, पाय गवतात. कुठल्याही गावाला गवतात उभा असलेला एवढा पाठमोरा बाजार भरत नसेल. सरावासाठी सर एकदा आम्हाला पुण्यातल्या पेशवे पार्कात घेऊन गेले. तेव्हा तिथल्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी कात्रजला गेलेले नव्हते. माकडं स्वस्थ बसेनात, हत्ती सारखा झुलत होता, मोराला पिसाऱ्यासकट काढायची कुणाची छाती नव्हती. शेवटी अख्ख्या वर्गाने वाघ काढला, कारण तो झोपला होता. आमच्याकडे पाठ करून.

मग दहावी आली. चित्रकलेचं काम झालं असं घरात सगळ्यांनी मानलं, मीही. नंतरच्या वर्षांत मी फोनवर बोलताना पाकिटांच्या मागे लंबवर्तुळं काढत असे, एवढंच.

पुन्हा सुरू झालं ते कुकरच्या रिंगमुळे. रविवारी सकाळी तुळशीबागेत निघाले होते. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर फूटपाथवर काही माणसं घडीची स्टुलं टाकून बसलेली, मांडीवर वह्या. मागे उभं राहून डोकावले. आपण सगळेच डोकावतो, रस्त्यात खड्डा खणत असले तरी डोकावतो. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, १८०७ साली पुरा झालेला हा वाडा मी शाळेपासून बघत आले, पण त्याचे सुरूच्या घाटाचे लाकडी खांब वर जाताना किती निमुळते होतात, हे मला त्या बसलेल्या माणसांच्या वह्यांत बघून कळलं. मग मान वर करून वाड्यात ताडून पाहिलं. होतात खरंच.

एक मुलगी, कॉलेजातली असावी, मागे वळून म्हणाली, "काकू, बसा ना. काढता का?" आणि माझं उत्तर यायच्या आत तिने वहीतला एक जाडजूड, दाणेदार कागद टर्रकन फाडून पुढे केला. मी हात मागे घेतला. "अगं नको, चांगला कागद आहे, उगाच खराब होईल."

"कागदच आहे," ती म्हणाली.

रिंग राहिली. त्या दिवशीचं चित्र कसं झालं ते विचारू नये, कुकरशिवाय डाळ कशी झाली तेही विचारू नये.

तेव्हापासून मी त्यांच्यात जाते. भर चौकात, जागेवर बसून चित्र काढण्याची ही पद्धत आता जगभर पसरली आहे. सिएटलमधल्या गॅब्रिएल कँपानारिओ नावाच्या वार्ताहर-चित्रकाराने २००७ मध्ये अशा लोकांना एकत्र आणायला सुरुवात केली, आणि त्या लोकांचा एक नियम मला फार आवडतो: समोर बघून काढायचं, फोटोवरून नाही. आमचा कंपू मात्र अगदी पुणेरी आहे. वेळेवर सुरू होतो, आणि चहा कुठल्या अमृततुल्यमध्ये घ्यायचा यावर चित्राइतकाच वेळ जातो. शेवटी सगळी चित्रं ओट्यावर, पायरीवर ओळीने मांडायची आणि भोवती उभं राहायचं. एकच वाडा, एकच तासभर, आणि कुणाचा वाडा कुणाच्या वाड्याला ओळख देत नाही. कुणी फक्त विजेच्या तारा काढलेल्या, कुणी खालच्या गाड्या, एका बाईंनी वाडा सोडून समोरचं झाड. चूक दाखवायची नाही हा अलिखित करार आहे, आणि तो पाळताना भल्याभल्यांच्या चेहऱ्यावर जे कष्ट दिसतात, त्यांचंच चित्र काढलं पाहिजे.

चुका दाखवायला रस्ता आहेच. जुन्या वाड्यासमोर चारपाच माणसं वह्या घेऊन बसली की पहिला प्रश्न चित्राबद्दल नसतो. गॅलरीतून आजी विचारतात, "सर्व्हे आहे का? रस्तारुंदीत जाणार का आमचं?" नाही म्हटलं की हायसं वाटून खाली येतात, आणि मग खिडक्या मोजायला लागतात. "ही चौथी कुठे गेली?" एक गृहस्थ मागे बराच वेळ उभे होते, शेवटी म्हणाले, "माझा पुतण्यापण छान काढतो," आणि निघून गेले. त्यातल्या 'पण'वर मी आठवडाभर जगले.

कसब्यातल्या तांबट आळीत बसलो त्या सकाळी तर कान बधिर झाले. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके, एकेका ठोक्याने उठणारे ते मठारकामाचे चकाकते खळगे, बाहेर ओळीने हंडे आणि घंगाळी. आमच्यातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, हंडा काढत होते. कारागीर हातोडी ठेवून पाणी प्यायला उठला, काकांच्या वहीत डोकावला आणि म्हणाला, "याच्यात पाणी राहायचं नाही." काठ एका बाजूला कलला होता. इंटरमिजिएटच्या कुठल्या परीक्षकाने इतकं अचूक काही कुणाला सांगितलं नसेल. काकांनी ते वाक्य चित्राखाली तारीख घालून लिहून ठेवलं.

तिथेच त्यांनी गंगाराम तांबटाचं नाव काढलं. मला नावही माहीत नव्हतं. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्यासाठी या गंगारामने वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रं काढली. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला, नाना फडणविसांचं चित्र करणारा, आणि तोही गंगारामच्या हातावर खूश होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, त्यातल्या गेंड्याचंही गंगारामने चित्र केलंय. ही चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. घरी आल्यावर मी तो गेंडा पडद्यावर शोधून पाहिला. अंगावरच्या चिलखती घड्या एकूण एक मन लावून काढलेल्या. गेंडा काही त्याच्यासमोर शिस्तीत उभा राहिला नसेल. झोपेपर्यंत थांबायला त्याला सवडही नसेल. शिवाय कागद तेव्हा महागाचा. पण घड्या मोजताना त्याने हात आखडता घेतल्याची कुठेही खूण नाही.

रंगांच्या महागाईचं तर विचारूच नका. अल्ट्रामरीन हा गडद निळा, जो आज कुठल्याही साध्या पेटीत पडलेला असतो, तो एकेकाळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून करत. युरोपातले चित्रकार तो मुख्यत्वे येशूच्या आईच्या, मेरीच्या झग्यापुरता राखून ठेवायचे. मग १८२८ मध्ये गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने तो भट्टीत तयार करण्याची युक्ती काढून बक्षीस मिळवलं आणि निळा स्वस्त झाला. इतका स्वस्त, की पुडीतून मिळणारी कपड्यांची नीळ म्हणून आई तो बादलीत ढवळायची. पेटीतली निळी वडी जपून वापर म्हणणारी तीच आई, बादलीत हात मोकळा सोडायची. तिला हे कळलं असतं तर तिने बादलीत जपून घातली असती, वडीचं मत बदललं नसतं.

क्रिम्सनचं झाकण हरलं नाही तेव्हा मी त्या कॉलेजातल्या मुलीला फोन लावला. "काकू, ट्यूब फाडा," ती म्हणाली. ब्लेडने उभी चिरा, रंग काढून रिकाम्या डबीत भरा, वाळला तर वाळू दे, पाणी लागलं की डिंक सुटतो. जलरंग वाळून मरत नाही. मी चिरली. आत रंग अगदी ओला, तकतकीत होता. एवढा क्रिम्सन एकदम उघड्यावर मी कधी बघितला नव्हता. घाबरून थोडा वापरलासुद्धा, तांब्याच्या सावलीत. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीत क्रिम्सनचं बोट आणि कडेला अल्ट्रामरीन, की हंडा तापल्यासारखा दिसायला लागतो.

कागदाचं मात्र तसं नाही. काकांनी गेल्या रविवारी एक गुंडाळी आणली. नोकरीत असताना परदेशी जाणाऱ्या कुणाला तरी सांगून मागवलेले कापसाच्या कागदाचे पूर्ण ताव, निवृत्तीनंतर निवांत चित्रं काढायची म्हणून कपाटाच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये ठेवलेले. मुलीचं लग्न, घराचं कर्ज, सगळं त्या तावांवरून गेलं. उलगडले तेव्हा आम्ही सगळ्यांनी बोटं फिरवून पाहिली. काय तो दाणा! काकांनी ब्रश भरून पहिला आकाशाचा हात दिला आणि रंग टीपकागदात जावा तसा आत गेला. पसरला नाही, तरंगला नाही, जिथे पडला तिथे डाग. अशा कागदाला सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळे रंग काही काळ वर राहतो, हलवता येतो. इतक्या पावसाळ्यांच्या दमट हवेत तो सरस मरून गेला होता. दिसायला ताव कोराकरकरीत.

कुणी काही बोललं नाही. काकूही आल्या होत्या त्या दिवशी, त्या डब्यातले लाडू काढायला लागल्या. काका थोडा वेळ त्या डागाकडे बघत बसले. मग त्यांनी ताव घडी घालून, घडीवर नख फिरवून, फाडायला सुरुवात केली. अर्धे, पाव, पावाचे अर्धे. सगळ्यांना वाटले. "पुढच्या वेळी यावरच काढायचं," म्हणाले, "सगळ्यांनी. काय डाग पडतील ते पडू देत."

पुढच्या वेळी पर्वती ठरली आहे. वर चढायचं की पायथ्याशी बसायचं यावर अजून एकमत नाही, म्हणजे गुडघेवाल्यांचं झालंय, बाकीच्यांचं नाही. मी खालीच बसणार, पेशवे पार्काच्या बाजूला. तिथे आता गेंडाही नाही आणि झोपलेला वाघही नाही, पण फुलराणी, बागेतली ती छोटी आगगाडी, चालू असली तर ती काढीन म्हणते. ती एका जागी थांबत नाही आणि काकांच्या कागदावर रेष टिकत नाही, त्यामुळे जे फुटेल त्याला धूर म्हणून टाकता येईल. फुलराणीला एवढा धूर कुठे असतो, हे सांगायला मागे कुणीतरी उभं असेलच.