कैलासची अर्धी परिक्रमा

कैलासला जाऊन आलोय म्हटलं की समोरच्याचे हात आपोआप जोडले जातात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, परिक्रमा पूर्ण झाली ना? इथे माझी गोची होते. बायकोची झाली, माझी अर्धीच झाली. म्हणजे खरं तर अर्धीपण नाही, ५२ किलोमीटरपैकी पहिला टप्पा चालून मी परत फिरलो. आता इतकी वर्षं झाली, लोकांना एकदाच काय ते नीट लिहून सांगून टाकावं म्हणून हे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गेलो होतो, नेपाळमार्गे. काठमांडूहून स्याब्रुबेसी, मग रसुवागढीचा पूल ओलांडून पलीकडे तिबेटातलं केरुंग. अंतर फार नाही पण भर पावसाळा, दर दोन तासांनी कुठेतरी दरड आलेली, सगळे खाली उतरा, चालत पलीकडे जा, पलीकडे दुसरी गाडी. पूल ओलांडला आणि रस्ता एकदम गुळगुळीत, घड्याळ सव्वादोन तास पुढे. अख्ख्या चीनला बीजिंगची एकच वेळ, त्यामुळे तिकडे पश्चिम तिबेटात सकाळी आठ वाजता कुठे सूर्य उगवतो आणि रात्री नऊला लख्ख उजेड. जेवायचं कधी आणि झोपायचं कधी हे पोटाला शेवटपर्यंत कळलं नाही.

बॉर्डरवर बॅगा उपसून बघतात. पुस्तकं चाळतात, फोनमधले फोटो बघतात. दलाई लामांचा फोटो चुकूनही सोबत ठेवू नका हे आम्हाला काठमांडूतच तीनदा सांगितलं होतं. ग्रुप व्हिसा हा एकच कागद, त्यात सगळ्यांची नावं ओळीने, आणि रांगेतही त्याच क्रमाने उभं राहायचं. आमच्यातल्या एका काकांना पहिली ते चौथी इतकं रांगेत उभं केलं नसेल.

केरुंगला दोन रात्री शरीराला सवय व्हायला, मग सागा, आणि तिथून मानसरोवर. सागाच्या आधी पैकू त्सो नावाचं तळं लागतं, मागे शिशापांग्मा, ८,०२७ मीटर. आपल्याकडे कुणी नाव ऐकलेलं नसतं. गाडी दहा मिनिटं थांबली, सगळ्यांनी सेल्फी काढले, आणि हेच मानसरोवर का असं दोघांनी विचारलं. (त्यातला एक मी.)

मानसरोवर ४,५९० मीटरवर आहे. पहिल्यांदा दिसतं तेव्हा गाडीतले सगळे ओरडतात आणि मग एकदम चिडीचूप होतात. रंगाबद्दल मी लिहिणार नाही, प्रत्येक तासाला वेगळा असतो आणि फोटोत एकही येत नाही. आता सरोवरात उतरून आंघोळीला बंदी आहे, बादलीने पाणी काढायचं आणि काठापासून लांब जाऊन अंगावर घ्यायचं. पहिला तांब्या डोक्यावर ओतल्यावर ओम नमः शिवाय म्हणायचं ठरवलं होतं, तोंडातून आलं ते आईचं नाव.

नारळी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस होते. ग्रुपमधल्या रत्नागिरीच्या एका मावशींनी इतक्या चेकिंगमधून एक नारळ सुखरूप आणला होता, सरोवराला द्यायला. गाइडने हात जोडून सांगितलं की पाण्यात काहीही टाकता येणार नाही. मावशी हिरमुसल्या, मग काठावरच फोडला आणि सगळ्यांना खोबऱ्याचा तुकडा मिळाला. त्या उंचीवर तेवढं चावतानाही धाप लागते, खोटं नाही सांगत. भात पण कुकरशिवाय शिजत नाही, पाणी ८५ अंशालाच उकळायला लागतं. श्रावणी सोमवार म्हणून बायकोने पुण्याहून साबुदाणा आणला होता, त्या खिचडीबद्दल आमच्या घरात अजूनही बोलायचं नसतं.

रात्री तीनला सगळे उठून काठावर गेले, ब्रह्ममुहूर्तावर देव ज्योतीच्या रूपात स्नानाला उतरतात म्हणून. दोघातिघांना ज्योती दिसल्या. मला चंद्र दिसला, पाण्यात एक आणि वर एक, आणि पाठीमागे भटक्या कुत्र्यांची एक मोठी टोळी दिसली. मी त्यातच खूश होतो.

जवळच एका टेकाडावर च्यू गोम्पा म्हणजे बौद्ध मठ आहे, च्यू म्हणजे चिमणीएवढा पक्षी. गोम्पाच्या खालून एक ओढ्यासारखी वाट जाते, गंगा छू, मानसरोवराचं पाणी जास्त झालं की तिच्यातून शेजारच्या राक्षसतालात जातं. मानसरोवराचं पाणी गोड, राक्षसतालाचं खारट. दोन्ही तळी भिंतीला भिंत लागून, आणि एकाची पूजा तर दुसऱ्याला वाळीत टाकलेलं. तिथे रावणाने तप केलं म्हणे. आमची बस तिथे थांबली तेव्हा निम्मे लोक खालीच उतरले नाहीत, पाण्याला हात लावायचा नाही असं बजावलेलं. मी उतरलो. काठावर चिटपाखरू नाही, प्लास्टिकची बाटली नाही, निळा म्हणजे अगदी गर्द, शाईसारखा निळा, आणि पलीकडे गुर्ला मांधाता पांढराशुभ्र. मागे वळलो तर कैलासची दक्षिण बाजू, मधोमध उभी चीर पडलेली. मनापासून सांगतो, मला राक्षसतालच जास्त आवडला, हे मी ग्रुपमध्ये बोललो नाही.

आता मूळ मुद्दा. परिक्रमा जिथून सुरू होते त्या यमद्वारापासून डेरापुकच्या मुक्कामापर्यंत पहिल्या दिवशी साधारण १२ किलोमीटर, फारसा चढ नाही, नदीच्या कडेने. आमच्या बरोबरीने तिबेटी लोक चालत होते, पाठीला पोर, हातात माळ, पायात साधे कॅनव्हासचे बूट. ते अख्खी परिक्रमा एका दिवसात करतात. पहाटे अंधारात निघायचं आणि रात्री पायथ्याच्या दारचेन गावी जेवायला हजर. आम्ही तीन दिवस, घोडे, पोर्टर, इलेक्ट्रॉल, हातात दोन दोन काठ्या. काही जण समोरून उलट्या दिशेने येत होते, मला वाटलं आमच्यासारखेच परत फिरलेले, तर ते बोन या तिबेटच्या जुन्या धर्माचे, त्यांची परिक्रमाच उलटी असते. आणि एक बाई दंडवत घालत जात होती. हातात लाकडाच्या फळ्या, पुढे चामड्याचा एप्रन, कपाळावर धुळीचा गोल डाग. उठायचं, तीनदा हात जोडायचे, आडवं व्हायचं, फळ्यांचा खर्र असा आवाज. तो आवाज पुढे कितीतरी वेळ मागून ऐकू येत होता.

डेरापुक म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर जेवढी उंची होईल तेवढं, साधारण पाच हजार मीटर. हवेत ऑक्सिजन खालच्या निम्मा. पोचल्यावर गाइड म्हणाला, गरम पाणी प्या आणि पडून राहा. बायको पडून राहिली. मला समोर नदीपलीकडे गोम्पा दिसत होता आणि मी स्वतःला फार फिट समजत होतो, दर रविवारी सिंहगड वगैरे. गेलो. पूल ओलांडून वर चढायला पाऊण तास लागला. तिथे आत एक गुहा आहे, तेराव्या शतकात गोत्सांगपा नावाचा साधू एका याक मादीच्या मागे मागे इथे आला आणि ती या गुहेत शिरली अशी कथा, नावसुद्धा त्यावरूनच पडलंय. आत तुपाच्या दिव्यांचा जड वास, छत काजळीने काळंभोर. एका म्हाताऱ्या लामाने माझा हात धरून दगडातल्या एका खळग्यात ठेवला, शिंगाची खूण. दगड थंडगार आणि इतक्या हातांनी गुळगुळीत झालेला की तेल लावल्यासारखा. बाहेर आलो तर कैलासचा उत्तरेकडचा काळा कडा बरोब्बर समोर, उन्हात पिवळा होत चाललेला.

त्याचीच फळं रात्री भोगली. डोकं फुटतंय, दोन उलट्या, श्वास मध्येच थांबून दचकून जाग येतेय. पहाटे गाइडने बोटाला ऑक्सिमीटर लावला, ६१. त्याने काही न बोलता माझी बॅग वेगळी ठेवली. 'तुला कोणी सांगितलं होतं गोम्पा बघायला,' एवढंच बायको म्हणाली, माझ्या डोक्यावरची कानटोपी काढून घेतली, आणि डोल्मा ला या खिंडीच्या वाटेला लागली. ५,६३० मीटर.

घोड्यावरून यमद्वार, जीपने दारचेन. दुपारपर्यंत मी ठणठणीत, हाच तर त्या उंचीच्या आजाराचा चावटपणा. मग दोन दिवस करायचं काय, तर गेस्ट हाउससमोरच्या चहाच्या टपरीत बसायचं. तिथून बर्खाचं मैदान आणि लांबवर राक्षसतालची निळी पट्टी दिसते. शेजारी एक आजी येऊन बसायच्या, सोबतच्या पोराने मोडक्या हिंदीत सांगितलं की पूर्वेकडून खामहून ट्रकने आल्यात. त्यांनी माळेचे मणी मोजून मला नऊ दाखवले. नऊ परिक्रमा झाल्या होत्या, तेरा करायच्या होत्या, तेरा झाल्या की आतल्या परिक्रमेला जाता येतं. मग माझ्याकडे बोट, तुझ्या किती? मी एक बोट वर केलं आणि दुसऱ्या हाताने ते अर्ध्यावर धरलं. आजी इतक्या हसल्या की दोनच दात आहेत ते कळलं. मग झोळीतून त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, काढला, वाटीत बटर चहा ओतून बोटांनी मळला, आणि लाडूसारखी मूठ वळून माझ्या हातावर ठेवली. चव खारट सातूच्या पिठासारखी. संपेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आमच्या आजीसारख्याच.

तिसऱ्या दिवशी बायको आली, ओठ फाटलेले, नाक सोललेलं, आणि चेहरा असा की भांडायची माझी हिंमत नाही. डोल्मा ला च्या आधी शिवत्सल नावाची जागा आहे, तिथे तिबेटी लोक आपला कपडा किंवा केस ठेवून जातात, जुना जन्म संपला म्हणून. ती तिथे माझी कानटोपी ठेवून आली होती. नवरा धडधाकट असताना. 'तू नाही तर तुझी टोपी तरी पोचली ना,' म्हणाली. वरून गौरीकुंड हिरवंगार दिसलं, उतारावर गुडघे गेले, रात्री झुथुलपुकला मिलारेपा या तिबेटी संताच्या गुहेत डोकं टेकवलं, हे सगळं मी ऐकीव सांगतोय.

यंदा २०२६, तिबेटी पंचांगात घोड्याचं वर्ष, बारा वर्षांनी येतं. या वर्षी एक परिक्रमा केली तर तेरा केल्यासारखी धरतात. बायकोने टूरवाल्यांकडून माहिती मागवली आहे, एका माणसाची की दोघांची ते अजून सांगत नाहीये. मी आपला हिशोब करून ठेवलाय, यावेळीही डेरापुकवरूनच परत फिरलो तरी अर्ध्याचे साडेसहा होतात.